उशीर कोणाचा, शिक्षा कोणाला?

कोकणी माणसाला कोर्टकज्जाची हौस फार, असा त्याच्यावर जुना आरोप आहे. बांधाच्या वीतभर जागेसाठी, सामाईक विहिरीसाठी, कुंपणावरच्या एखाद्या माडासाठी तो दोन पिढ्या भांडतो, असे विनोदाने सांगितले जाते. परंतु हाच माणूस नोकरीवरून अन्यायाने काढला गेला, तर तो कोर्टाची पायरी चढत नाही. तो वाट पाहतो. साहेब रागावले आहेत, चार दिवसांनी शांत होतील. मुकादम म्हणाला आहे, गणपतीनंतर बघू. ठेकेदाराने सांगितले आहे, नवी ऑर्डर आली की पहिले नाव तुझेच. जमीन त्याची स्वतःची असते, म्हणून तो तिच्यासाठी भांडतो. नोकरी दुसऱ्याने दिलेली असते, म्हणून तिच्यासाठी तो विनवण्या करतो. आणि विनवण्या करण्यात गेलेले दिवस कायद्याच्या वहीत ‘विलंब’ म्हणून मांडले जातात.

ज्याने अन्याय केला, त्यानेच आशा दाखवून दिवस घालवायचे आणि नंतर न्यायालयात उभे राहून ‘अर्ज मुदतीत नाही, सबब फेटाळावा’ असे म्हणायचे, हा आपल्या औद्योगिक जगतातील अत्यंत सोयीस्कर बचाव होऊन बसला आहे. बडतर्फी न्याय्य होती की अन्याय्य, या मूळ प्रश्नाला उत्तर देण्याची वेळच येत नाही. तारखांचा हिशेब मांडला की काम संपते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. त्यामुळे हा प्रश्न आता अधिक तीव्र होणार आहे आणि म्हणूनच त्याची वेळीच चर्चा होणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राने उघडी ठेवलेली खिडकी

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा अभिमान वाटावा अशी आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यासाठी या राज्याने १९७१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि ८ सप्टेंबर १९७५ पासून तो अमलात आणला. त्याच्या चौथ्या अनुसूचीतील पहिलीच नोंद अन्यायाने कामावरून काढण्याची आहे. सूडबुद्धीने काढणे, खोट्या फौजदारी प्रकरणात गुंतवून काढणे, उघड उघड खोटी कारणे देऊन काढणे, गैरहजेरीचे बनावट आरोप ठेवून काढणे, चौकशीत नैसर्गिक न्यायाची पायमल्ली करून काढणे, किरकोळ चुकीला जबर शिक्षा म्हणून काढणे, या साऱ्या प्रकारांना कायद्याने नाव दिले आणि त्यांविरुद्ध दाद मागण्याची सोय केली.

या कायद्याच्या कलम २८ नुसार तक्रार ९० दिवसांच्या आत करावी लागते. मुदत छोटी आहे, यात शंका नाही. मात्र कायदा करणाऱ्यांना माणसांची जाण होती. म्हणून त्यांनी त्याच कलमाला एक परंतुक जोडले: उशिरा येणाऱ्या तक्रारदाराने सबळ व पुरेसे कारण दाखवले, तर ९० दिवसांनंतरही न्यायालय तक्रार दाखल करून घेऊ शकते. दाराला कुलूप आहे, पण किल्ली न्यायाधीशाच्या हाती आहे.

खाजगी शाळांतील शिक्षकांच्या बाबतीतही राज्याने हेच शहाणपण दाखवले. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याने बडतर्फ शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्यास अवघे ३० दिवस दिले. मात्र पुरेसे कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकारही त्याच कलमात ठेवला. संस्थाचालकांची मर्जी फिरल्यामुळे एका सकाळी घरी बसावे लागलेला शिक्षक ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी पाहिला आहे, त्यांना या चार ओळींचे मोल वेगळे सांगायला नको.

मृगापासून गणपतीपर्यंत

मुंबई-पुण्यातील वातानुकूलित कार्यालयात बसून ९० दिवस मोजणे सोपे असते. रत्नागिरी जिल्ह्यात ते कसे जातात, हे पाहिले पाहिजे. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीत, मिरजोळ्याच्या औद्योगिक क्षेत्रात किंवा मासळी प्रक्रियेच्या शेडमध्ये काम करणारा माणूस बहुधा ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. त्याला बडतर्फीचे पत्र मिळत नाही. फाटकावरचा पहारेकरी गेटपास काढून घेतो आणि ‘आत घ्यायचे नाही असे सांगितले आहे’ एवढेच बोलतो. मृग नक्षत्र लागताना हे घडले, तर तो घरी जाऊन लावणीला लागतो; शेत थांबत नाही. गणपतीला मुंबईहून चाकरमानी भाऊ येईल, तो शिकलेला आहे, त्याला विचारू, असे ठरते. भाऊ येतो, आरती होते, विसर्जन होते, कागद पाहिले जातात. पाहावे तो ९० दिवस सरत आलेले असतात किंवा सरलेलेही असतात. या माणसाने आळस कोठे केला?

मंडणगड किंवा दापोलीच्या आतल्या गावातून जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे तर एस.टी.ने अर्धा दिवस जातो, एक दिवसाचा रोजगार बुडतो आणि साहेब दौऱ्यावर असले तर दुसरी खेप पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापूरला सुरू झाले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा उच्च न्यायालयाचा रस्ता आंबा घाटापलीकडे आला. हे स्वागतार्हच आहे. परंतु उच्च न्यायालय जवळ येऊन भागत नाही. पहिला अर्ज ज्या खिडकीत द्यायचा, तीच बंद झाली असेल, तर वरच्या मजल्याचा जिना काय कामाचा?

निसर्गही कोकणात मुदत पाळत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पाण्याखाली गेले. घरांतील कपाटे, कपाटांतील कागद, शिधापत्रिका, नेमणुकीची पत्रे, पगाराच्या पावत्या चिखलात गेल्या. कोरोनामुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ कोणत्याही मुदतीत मोजू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिलेला होता. त्यामुळे त्या पुराच्या वेळी कायद्याचे घड्याळ थांबलेले होते. पुढचा पूर येईल तेव्हा ते चालू असेल. त्या वेळी वाशिष्ठीच्या काठावरच्या कामगाराने न्यायाधीशासमोर कोणते कलम दाखवायचे?

गिरणगावाने शिकवलेला धडा

रत्नागिरीच्या घराघरांत या विषयाची जखम जुनी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप. त्यातील मोठा वर्ग कोकणातील होता. संप लांबला तसे हजारो जण गावी परतले आणि हाक येण्याची वाट पाहत राहिले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मग कामगाराने मुदत मोजायची ती कोणत्या दिवसापासून? गिरण्यांना लागू असलेल्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात वैयक्तिक दाद मागण्यापूर्वी मालकाकडे लेखी ‘ॲप्रोच’ करण्याची पद्धत होती. घोषणांच्या गदारोळात ही गोष्ट गावी बसलेल्या कामगाराला कोण सांगणार? लढा मोठा होता, पण लढणाऱ्या एकेकट्या माणसाचा कागद कोणीच सांभाळला नाही. मोर्चाला माणसे मोजणारी चळवळ जर माणसाचे दिवस मोजणार नसेल, तर संप संपल्यावर तिच्या हाती काय उरते, हे परळ-लालबागने पाहिले आणि संगमेश्वर-राजापूरच्या वाड्यांनी भोगले.

याच्या उलट उदाहरण अलीकडचे आहे. विलीनीकरणाच्या मागणीसाठी ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. रत्नागिरी विभागातील आगारेही शांत झाली. महामंडळाने हजारो कर्मचाऱ्यांवर निलंबनाची आणि बडतर्फीची कारवाई केली. कामावर हजर होण्यासाठी सरकारने एक तारीख दिली, ती उलटली, दुसरी दिली, तीही उलटली. अखेर एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंतची मुदत दिली, कर्मचारी परतले आणि गावोगावी पुन्हा एस.टी. धावू लागली. मुदत वाढवल्याने महामंडळाची शिस्त बुडाली काय? उलट हजारो घरे वाचली आणि प्रवाशांची सोय झाली. सामूहिक लढ्यात मुदत वाढू शकते, तर एकट्यादुकट्या वाहकाच्या बाबतीतच तारखेचा दगड का व्हावा?

दोन वर्षे, आणि पुढे भिंत

आता नव्या संहितेकडे वळू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बडतर्फीचा वाद उपस्थित करण्यास मुळात कालमर्यादाच नव्हती. १९९९ मध्ये अजैब सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मुदत कायद्याची कालमर्यादा अशा वादांना लागू होत नाही. कामगाराने उशीर केला असेल तर त्या काळाचे मागील वेतन नाकारता येईल, पण केवळ उशिराच्या कारणाने दादच नाकारणे योग्य नव्हे. २०१० च्या दुरुस्तीने कामगाराला सरकारची वाट न पाहता थेट कामगार न्यायालयात जाण्याचा हक्क मिळाला आणि त्या हक्काला तीन वर्षांची मर्यादा आली.

संहितेने ही मर्यादा दोन वर्षांवर आणली. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटल्यावर समेट अधिकाऱ्याने त्यात कार्यवाहीच करू नये, असे कलम ५३ सांगते. समेट फसल्याचा अहवाल हाती पडल्यावर न्यायाधिकरणाकडे जाण्यास ९० दिवस मिळतात. दोन वर्षे हा काळ ९० दिवसांपेक्षा कितीतरी मोठा आहे, मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. तक्रार अशी, की महाराष्ट्राच्या कायद्यातील ते परंतुक येथे नाही. सबळ कारण असले तर उशीर माफ करावा, ही एक ओळ लिहायची राहून गेली आहे किंवा गाळली गेली आहे. वाद नेमका कधी ‘उद्भवला’, यावर वकील मंडळी भांडतीलच. परंतु कामगाराचे भवितव्य अशा शब्दच्छलावर का सोडावे?

याचा फटका कोणाला बसेल? आळशी माणसाला नव्हे; आळशी माणूस कोणत्याही मुदतीला उशिराच येतो. फटका बसेल तो ज्याच्याकडे सर्वांत सबळ कारण आहे, त्याला. समजा, एका वाहकावर तिकिटाच्या पैशांच्या अपहाराचा खोटा गुन्हा नोंदवून त्याला बडतर्फ केले. फौजदारी खटला चार वर्षे चालला आणि तो निर्दोष सुटला. आपल्यावरचे बालंट खोटे होते, याचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच्या हाती आज आला. पण दोन वर्षांचे दार तोवर बंद झालेले! हे निव्वळ कल्पनेतील उदाहरण नव्हे. हरियाणा रोडवेजच्या वाहक रघुबीर सिंग यांची हकिकत याच वळणाची होती. १९९४ मध्ये बडतर्फी, फौजदारी खटला, २००२ मध्ये निर्दोष सुटका आणि त्यानंतर दाद. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलंबाचा आक्षेप बाजूला सारून त्यांना न्याय दिला. सरकारमार्फत वाद न्यायालयाकडे सोपवण्याच्या मार्गाला तेव्हा कालमर्यादा नव्हती, म्हणून हे घडू शकले. संहितेने ती वाट मिटवली आहे. उद्याच्या रघुबीर सिंगाने कोठे जावे?

महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. परंतु अनुचित कामगार प्रथांची सूची संहितेतही आहे. केंद्र व राज्य यांच्या कायद्यांत विसंगती निर्माण झाली, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४ नुसार केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. मालकांचे वकील हा मुद्दा उपस्थित करणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पन्नास वर्षे उघडी असलेली महाराष्ट्राची खिडकी अशा रीतीने कोणी हात न लावताच बंद होऊ शकते.

आक्षेप आणि उत्तर

उद्योजकांची बाजू ऐकली पाहिजे. मिरजोळ्यातील पंधरा-वीस माणसांचा लहान कारखानदार हा काही शोषक भांडवलदार नव्हे. तोही कर्ज काढून उभा राहिलेला याच मातीतला माणूस आहे. काढलेल्या माणसाच्या जागी त्याने दुसरा घेतलेला असतो. साक्षीदार नोकरी सोडून जातात, हजेरीपट जीर्ण होतात. दहा वर्षांनी कोणी दावा लावला, तर त्याने उत्तर तरी कसे द्यावे? हा आक्षेप रास्त आहे आणि न्यायालयांनी तो मानलाही आहे. नेदुंगडी बँकेच्या प्रकरणात २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांनी उकरलेला वाद शिळा ठरवला. प्रभाकर यांच्या प्रकरणात २०१५ मध्ये चौदा वर्षांच्या विलंबानंतर आलेला दावा टिकला नाही. त्यात गैर काही नाही. शिळ्या कढीला ऊत आणावा, असे कोणीच म्हणत नाही.

मागणी एवढीच आहे, की कढी शिळी झाली की नाही हे चाखून ठरवावे, घड्याळ पाहून नव्हे. उशिराचे कारण तपासावे, मालकाचे म्हणणे ऐकावे, त्याचे नुकसान होत असेल तर मागील वेतनात कपात करावी. उशिराची किंमत कामगाराने पैशांत जरूर मोजावी. हक्क गमावून मोजू नये.

सरकार स्वतःसाठी कोणता न्याय लावते, हेही पाहण्याजोगे आहे. मुदत कायद्याच्या कलम ५ चा आधार घेऊन उशिरा अपील करणाऱ्यांत सरकारी खाती नेहमीच आघाडीवर असतात. विलंबाकडे उदार दृष्टीने पाहावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कातिजी प्रकरणात मांडले, तेही सरकारच्याच उशिरा आलेल्या अपिलात. २०१२ मध्ये टपाल खात्याने तब्बल ४२७ दिवसांच्या विलंबाची माफी मागितली, तेव्हा मात्र न्यायालयाचा संयम सुटला. कायदेतज्ज्ञांचा ताफा दिमतीला असलेल्या खात्याला सव्वा वर्ष अपुरे पडते, आणि सातवी शिकलेल्या हेल्परने मात्र पहिल्या दिवसापासून कायद्याची तारीख पाठ ठेवावी, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते?

उद्योग सुलभतेसाठी परदेशांचे दाखले देण्याची आपल्याकडे चाल आहे. मग पुरते दाखले घ्यावेत. ऑस्ट्रेलियात अन्याय्य बडतर्फीचा अर्ज २१ दिवसांत करावा लागतो, पण अपवादात्मक परिस्थितीत मुदत वाढवून देण्याची तरतूद तेथील कायद्यातच आहे. ब्रिटनमध्ये मुदत तीन महिन्यांची. वेळेत येणे शक्य नव्हते असे पटवले, तर तेथेही ती वाढते. शिवाय ती सहा महिन्यांची करण्याची तरतूद असलेला कायदा तेथील संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला. जग मुदत वाढवीत असताना आपण ती आखडून घेत आहोत.

काय झाले पाहिजे?

पहिली गोष्ट, संहितेच्या कलम ५३ ला महाराष्ट्राच्या धर्तीवर परंतुक जोडले पाहिजे. त्यासाठी संसदेत दुरुस्ती करावी लागेल. कोकणच्या खासदारांनी यात पुढाकार घ्यावा. दुसरी गोष्ट, राज्य सरकारने १९७१ च्या कायद्यातील विलंबमाफीची तरतूद अबाधित राहील, याची आताच तजवीज करावी. न्यायालयात निकाल विरुद्ध गेल्यावर नव्हे. तिसरी, बडतर्फीचे पत्र मराठीत देणे आणि दाद कोठे व किती दिवसांत मागायची हे त्यात लिहिणे सक्तीचे करावे. असे पत्र हाती पडेपर्यंत मुदत सुरू होऊ नये. तोंडी हकालपट्टी करणाऱ्याला विलंबाचा बचाव घेता येऊ नये. चौथी, खात्यांतर्गत अपिलात आणि फौजदारी खटल्यात गेलेला काळ मोजणीतून वगळावा. एस.टी.चा सरळमार्गी वाहक आधी आपल्याच वरिष्ठांकडे अपील करतो. त्या सभ्यतेची शिक्षा त्याला मिळू नये.

भारतीय मजदूर संघाची स्थापना २३ जुलै १९५५ रोजी करताना दत्तोपंत ठेंगडी यांनी वर्गसंघर्षाचा मार्ग नाकारला. कामगार आणि उद्योजक हे एकाच राष्ट्रकुटुंबाचे घटक आहेत, ही त्यामागची धारणा होती. परंतु कुटुंब म्हटले की घरातल्या दुबळ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेण्याची जबाबदारीही आलीच. २०२० मध्ये औद्योगिक संबंध संहिता संमत झाली, तेव्हा तिच्यातील अनेक तरतुदींना मजदूर संघाने उघड विरोध नोंदवला होता. सरकार कोणाचे आहे, हे पाहून कामगाराचे हित ठरत नाही, हेच त्यातून दिसले. त्याच बाण्याने या मागणीचा पाठपुरावा झाला पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. तालुक्यातालुक्यातील कार्यकर्त्यांनी आणि सुशिक्षित कुटुंबांनी एक साधे काम अंगावर घ्यावे. ओळखीतल्या कोणाला कामावरून काढल्याचे कळले, की पहिल्या आठवड्यात त्याच्या घरी जावे. कोणत्या तारखेला, कोणी, कोणत्या शब्दांत काढले, हे लिहून काढावे. मालकाला तारखेचे पत्र टपालाने पाठवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. कामगार कार्यालयात अर्ज द्यावा. वाटाघाटी खुशाल चालू द्याव्यात, पण अर्ज आधी. आणि उशीर झालाच असेल, तर त्याचे कारण दाखवणारा प्रत्येक कागद, डॉक्टरची चिठ्ठी असो वा तलाठ्याचा पंचनामा, जतन करावा. एका पोस्टाच्या पावतीने एखाद्याची वीस वर्षांची नोकरी वाचू शकते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले पूर्वज म्हणत. गेटपास हिरावला गेलेल्या माणसाने आता या म्हणीवर विसंबून राहू नये. मात्र उशिरा का होईना तो त्या पायरीपर्यंत आला, तर ‘का उशीर झाला?’ एवढे तरी त्याला विचारले गेले पाहिजे. हा प्रश्नच न विचारता दार लावून घेणाऱ्या कायद्याला गतिमान म्हणता येईल, न्याय्य म्हणता येणार नाही.